बासष्ट पावलं

सॉरेल नेक
१४ ऑगस्ट २०२२

प्रिय आर्डिथ,

तुझं तीन पानी पत्र गुरुवारी मिळालं. दोनदा वाचलं. तू लग्न करून ग्रीन्सबरोला गेलीस त्याला पंचेचाळीस वर्षं झाली. तेवढ्या वर्षांत पहिल्या ओळीत माझ्या गुडघ्यांची चौकशी नाही असं तुझं एकही पत्र आलेलं नाही. या खेपेला गुडघे दुसऱ्या पानाच्या तळाशी सापडले. पहिलं पान सगळं चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वहीबद्दल. तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली.

म्हणे, "बाबांनी लिहिलेले पावलांचे आकडे अजून आहेत का रे? सहज आठवण आली." सहज! तुला सहज आठवण येते ती अंजिराच्या मुरांब्याची, वहीची नाही. सरळ विचारतो, ही आठवण तुला आली की तुझ्या कोरीनला? तुझी लेक सरकारच्या किनाऱ्याच्या खात्यात समुद्र मोजायला बसते हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे. मेमध्ये त्या खात्याची दोन माणसं आली होती. चर्चच्या पायरीत पाण्याची उंची मोजायच्या खुणेची पितळी चकती ठोकू का म्हणून विचारत होती. आपल्या चर्चमधल्या रॉइसने त्यांना कुत्रं दाखवलं.

आता वहीचं ऐक, आणि हवं तर लेकीलाही ऐकव. बाप्तिस्म्याच्या दिवशी डीकनने, म्हणजे पाळकाच्या मदतनिसाने, बाबांची काठी घेऊन चर्चच्या उंबऱ्यापासून पाण्यात चालत जायचं, काठीवरच्या खाचेला पाणी लागलं की तिथे काठी रोवायची, पाळकाने तिथे उभं राहायचं. उंबऱ्यापासून किती पावलं झाली ते वहीत लिहायचं. बाबांनी तीस वर्षं हे केलं, मी तेहेतीस वर्षं करतोय. पाणी खरंच चढत असेल तर खाचेइतकं पाणी दर वर्षी उंबऱ्याच्या जवळ यायला हवं, खरं ना? मग लिहून घे. २००४ साली बासष्ट पावलं. २०१० साली बासष्ट. परवा सातव्या तारखेलाही बासष्टच. किनारा खचतो हे मी नाकारत नाही, वाळू आज इथे तर उद्या तिथे. पण समुद्र चढतोय, दहा वर्षांत आपण बुडणार, ही राजधानीतल्या मंडळींची आणि त्यांच्या पक्षाची कहाणी आहे. आपल्याला घाबरवून उठवायचं आणि मग किनाऱ्यावर त्यांच्या श्रीमंतांनी बंगले बांधायचे. देवाने इंद्रधनुष्य दाखवून वचन दिलंय, पुन्हा पाण्याने जग बुडवणार नाही म्हणून. ते वचन मी तुझ्या लेकीच्या आलेखासाठी मोडीत काढू?

ऑक्टोबरच्या नऊ तारखेला, होमकमिंगच्या रविवारी, गेलेली कुटुंबं जेवायला परत येतील तेव्हा मतदान आहे. चर्च इथेच ठेवायचं, की सरकारी मदत घेऊन आत सात मैलांवर, महामार्गाच्या कडेच्या शेतात हलवायचं. ती वही मी सगळ्यांसमोर वाचणार आहे. मला नाही वाटत त्यानंतर कुणी हलायचं नाव काढेल.

गुडघे बरे आहेत.

तुझा भाऊ,
थर्लो


ग्रीन्सबरो
२२ ऑगस्ट २०२२

प्रिय थर्लो,

गुडघे कसे आहेत? घे, पहिल्या ओळीत आले. आता तरी पाल गप्प बसेल.

हो, कोरीननेच विचारलं होतं. मी लपवायला नको होतं, त्याबद्दल माफ कर. पण तुझ्यापुढे तिचं नाव काढलं की तू नाक मुरडतोस, म्हणून आडून विचारलं. तिने वही मागितली नव्हती, नुसतं कुतूहल होतं तिला. शिवाय तीच म्हणाली, "आई, नुसत्या पावलांवरून पाणी किती चढलं आणि किनारा किती खचला हे वेगळं काढता यायचं नाही." तुझी ही 'सरकारी हस्तक' तुझ्यापेक्षा जपून बोलते.

आणि मला देवाचं वचन शिकवू नकोस. मीही त्याच बाकावर वाढले, अजूनही दर रविवारी जाते. जग बुडणार नाही असं वचन आहे. सॉरेल नेकला पाणी शिवणार नाही असं वचन मी तरी कधी ऐकलं नाही.

तुझं पत्र वाचल्यापासून मला एक गोष्ट टोचतेय. बाबा वही वाचून दाखवायचे ते मला आठवतं. ते आकडे नाचायचे रे. माझ्या बाप्तिस्म्याला सत्त्याण्णव पावलं होती, त्याच्या पुढच्या वर्षी एकशेएक, नंतर एकदम ब्याण्णव. वारा ईशान्येचा असला की आपल्या खाडीत पाणी फुगतं आणि नैऋत्येचा असला की मागे जातं, हे तू मला शिकवलंस. मग अठरा वर्षं दर वेळी बासष्ट कसे? तुझे आकडे पहाऱ्यावरच्या शिपायासारखे एका जागी उभे. वारा काय तुला विचारून वाहतो?

आणखी एक. नेल मावशीने फोनवर सांगितलं की सातव्या तारखेच्या बाप्तिस्म्याला आपले पाळक ब्रदर कर्टिस पाण्याखाली गेले. पाय निसटला, बाप्तिस्मा घेणारा तो दांडगा माणूस त्यांच्या अंगावर आला आणि दोघंही दिसेनासे झाले. तू दोघांना कॉलर धरून वर काढलंस म्हणे. नेल मावशी हसत सांगत होती, सैतानाने पाळकाचा पाय ओढला म्हणून. तुझ्या पत्रात याचं एक अक्षर नाही. तू तर कुणाचं डुक्कर कुंपणाबाहेर गेलं तरी मला लिहितोस.

ब्रदर कर्टिस बुटके आहेत हे खरं, पण कमरेएवढ्या पाण्यात माणूस बुडतो का?

तुझी,
आर्डिथ


सॉरेल नेक
३० ऑगस्ट २०२२

आर्डिथ,

नेल मावशीच्या जिभेला हाड नाही. तिने तुला काय काय सांगितलं त्याची यादी पाठव, म्हणजे मला कळेल कोण कोण कुणाला काय पुरवतंय.

तळाशी चिखल होता, पाळकाचा पाय घसरला, विषय संपला. रॉइस म्हणतो, ते खातं आता प्रत्येक चर्चमध्ये एखादं नातेवाईक शोधून बातम्या काढतं. मी त्याला म्हणालो होतो, माझी बहीण तशी नाही. आता मला तोंड उघडायची सोय राहिली नाही.

आकडे नाचत नाहीत म्हणून तुला शंका, आणि नाचले असते तर तुझी लेक म्हणाली असती, बघा, नाचतायत. तुम्हा लोकांचं कसंही बोललं तरी खरंच.

काठी आता मी घरी आणून ठेवलीय. चर्चच्या कोपऱ्यात कोण येऊन काय करेल सांगता येत नाही. मतदान होईपर्यंत पत्र पाठवू नकोस.

थर्लो


ग्रीन्सबरो
१२ सप्टेंबर २०२२

प्रिय थर्लो,

पाठवणार. तू फाडून टाक हवं तर, पण आधी वाच.

काठी घरी आणलीस हे मी तीनदा वाचलं. बाबांची काठी त्रेसष्ट वर्षं व्यासपीठामागच्या कोपऱ्यात उभी होती. वादळातसुद्धा तू ती हलवली नव्हतीस. आता कुणापासून लपवतोयस? त्या खात्याला काठीची काय पडलीय, त्यांना तर ती आहे हेही माहीत नाही.

मग मी आईच्या डब्यातले दोन फोटो काढले. एक माझ्या बाप्तिस्म्याचा. बाबा काठी धरून उभे आहेत, पाणी त्यांच्या पट्ट्याला लागलंय, मी ओल्या पांढऱ्या झग्यात थरथरतेय. दुसरा नेल मावशीने गेल्या वर्षी पाठवलेला. त्यात तू बाबांच्याच जागी काठी धरून उभा आहेस आणि पाणी तुझ्या शर्टाच्या खिशाला लागलंय. तू बाबांपेक्षा उंच आहेस, थर्लो. तुझ्या खिशातलं चष्म्याचं घर भिजलेलं दिसतंय.

मी वकील नाही, शाळेत चाळीस वर्षं मुलांना जेवण वाढणारी बाई आहे. पण भांडं तेच आणि डाव तोच असताना ताटात वेगळं पडलं की मला कळतं, कुणीतरी डाव बदललाय.

तुला आठवतं का, बाबांनी ती खाच कशी पाडली? मी आठ वर्षांची होते. त्यांनी काठी प्रभुभोजनाच्या मेजाला टेकून उभी केली, मेजाच्या कडेला बरोबर नख लावलं आणि तिथे चाकू घातला. म्हणाले, "ज्या उंचीवर भाकर मोडतो त्या उंचीचं पाणी हवं, ना कमी ना जास्त." मेज अजून तिथेच आहे. काठी घेऊन जा आणि मेजाला लावून बघ. मला उत्तर नको. तू बघ.

हे मी कोरीनला सांगितलेलं नाही. कुणालाच सांगितलेलं नाही. लहानपणी मी तुला बब्बा म्हणायचे आणि तू म्हणशील ते खरं मानायचे. मला तसंच मानत राहायचंय, म्हणून लिहितेय.

आर्डिथ


ग्रीन्सबरो
३ ऑक्टोबर २०२२

थर्लो,

तीन आठवडे झाले. नेल मावशीही फोन उचलत नाही, बहुतेक तू तिला दम दिलायस.

आता मला भलतीसलती स्वप्नं पडतात. काल वाटलं, तू काठी चुलीत घातलीस. घातली असशील तर तेवढं एका ओळीत कळव. आणि घातली नसशील तर रविवारी ती वही वाचू नकोस. लोक तुझ्या शब्दावर तिथे राहतील. तुझा मुलगा डॅरेल राहील, त्याची टेम्पी राहील. ती तुझी नात आहे.

आर्डिथ


सॉरेल नेक
१२ ऑक्टोबर २०२२

प्रिय आर्डिथ,

काठी जाळली नाही. दोनदा चुलीपर्यंत नेली होती, हे खरं.

आता सगळं सांगतो, मधे थांबवू नकोस. २००३ च्या त्या मोठ्या वादळाआधी सत्तर पावलं भरली होती. वादळानंतरच्या पहिल्या बाप्तिस्म्याला बासष्ट. मी ते मोठ्याने वाचलं आणि मिस ऑलिव्ह तिथेच रडायला लागली. म्हणाली, "थर्लो, देवाने वचन मागे घेतलं का रे?" त्या हिवाळ्यात अकरा कुटुंबं गेली. पुढच्या उन्हाळ्यात मी पाण्यात शिरलो आणि चोपन्नाव्या पावलालाच खाचेला पाणी लागलं. काठावर सगळे मला बघत होते, ऑलिव्हही होती. मी चालत राहिलो. बासष्ट झाल्यावर काठी रोवली, खिशातला चाकू काढला आणि पाणी जिथे लागत होतं तिथे नवी खाच पाडली. काठावरून वाटलं असेल मी शेवाळ खरवडतोय. घरी येऊन स्वतःला म्हणालो, एकदाच.

आता काठीवर बाबांच्या खाचेच्या वर चार खाचा आहेत. सगळ्यात वरची दोन वीत उंच आहे. वारा कुठलाही असो, मी बासष्टवर थांबायचो, म्हणून माझे आकडे नाचत नव्हते. ब्रदर कर्टिसना कमरेऐवजी छातीभर पाण्यात मी उभं केलं. सातव्या तारखेला त्यांना वर काढलं तेव्हा त्यांचे ओठ निळे होते. त्यांनी माझे आभार मानले, आर्डिथ. त्या दिवसापासून मला जेवण गेलेलं नाही, आणि तेवढ्यात पहिल्या ओळीत गुडघे नसलेलं तुझं पत्र आलं.

रेडिओवरचे लोक पाणी चढतं म्हणणाऱ्यांना खोटारडे म्हणायचे ते मी ऐकायचो, मान डोलवायचो, दर रविवारी तेच बोलायचो आणि मनातून ते खरंच मानायचो. आणि चाकूही माझ्याच खिशात असायचा. दोन्ही एका माणसात कसं मावतं ते मला विचारू नकोस, मी तीन आठवडे तेच शोधतोय.

शनिवारी मी एकटा पाण्यात गेलो, बाबांच्या खाचेने मोजलं. अडतीस पावलं.

रविवारी चर्च गच्च भरलं होतं. बाहेर झाडाखाली टेबलं मांडलेली, क्लॅमचा रस्सा, मक्याच्या पिठाचे गोळे, नेल मावशीचे तीन केक. ब्रदर कर्टिस म्हणाले, "डीकन थर्लो वही वाचतील." मी वही उघडली नाही. काठी घेऊन मेजापाशी गेलो आणि उभी केली. खालची खाच मेजाच्या कडेला बरोबर बसली. बाकीच्या चार वर, सगळ्यांना दिसतील अशा. मी म्हणालो, "या चार माझ्या आहेत. वहीतले बासष्ट खोटे आहेत. पाणी चढलंय, मला माहीत होतं, मी तुमच्यापासून लपवलं. मला क्षमा करा आणि चर्च हलवा."

मला वाटलं होतं लोक ओरडतील, रडतील, मला दाराबाहेर काढतील. मी त्याची तयारी करून गेलो होतो. तसं काहीच झालं नाही. मग रॉइस उठला आणि फार प्रेमाने म्हणाला, "थर्लो, तुझी भाची तुला भेटली का?"

मी म्हणालो, नाही. तो म्हणाला, "मग बहिणीची पत्रं कशाला येतायत? पोस्टातली जूलिया सांगत होती, दोन महिन्यांत चार आली." मागून कुणीतरी म्हणालं, खाचा नव्या दिसतायत. दुसरा म्हणाला, मेजाचे पाय वादळानंतर बदलले नव्हते का, मग मेजाची उंची तरी कशावरून तीच? आर्डिथ, ते पाय मीच बदलले होते, जुन्या पायांच्या मापाने, केसाचाही फरक न ठेवता. मी तसं सांगितलं. रॉइस म्हणाला, "म्हणजे मेजही तूच केलंस, काठीही तुझ्याच घरी होती, आणि मतदानाच्या दिवशीच तुला हे आठवलं." काही लोक हसले. ऑलिव्ह हसली नाही. ती माझ्याकडे पाहत म्हणाली, "बिचाऱ्याला त्या सरकारी लोकांनी वळवलं."

डॅरेल शेवटच्या बाकावर होता. मी त्याला म्हणालो, तू तरी. तो उठून उभा राहिला. म्हणाला, "बाबा, पाणी चढतंय म्हणणारा माणूस एक तर विकला गेलेला असतो नाहीतर फसवला गेलेला, हे मला कुणी शिकवलं? वीस वर्षं तुम्हीच ना?" चिडून नाही म्हणाला. काळजीने म्हणाला.

एकेचाळीस मतं राहायच्या बाजूने, सहा हलायच्या. सहामधलं एक माझं. एक ब्रदर कर्टिसचं असावं, ते माझ्याकडे बघत नव्हते. मग सगळे जेवले. माझ्यासाठी नेल मावशीने ताट भरून आणलं आणि ती शेजारी बसली.

काठी मंडळीने रॉइसकडे दिली. डीकनपदावरून मला विश्रांती दिलीय, असा शब्द वापरला.

बब्बा


ग्रीन्सबरो
२० ऑक्टोबर २०२२

बब्बा,

पत्र वाचून मी स्वयंपाकघरात उभीच्या उभी रडले. आधी तुझ्यावर राग आला, खूप आला, तो अजून गेलेला नाही. पण तू मेजापाशी एकटा उभा होतास आणि मी इथे होते, याचं जास्त वाईट वाटतं. माझ्या पत्रांनीच त्यांना निमित्त दिलं हेही डोक्यातून जात नाही.

माझ्याकडे मागची खोली रिकामी आहे. ये. कोरीन म्हणते ती गाडी घेऊन येईल, आणि खात्याची नाही, स्वतःची. तिला मी आता सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मामाला सांग, मी मे महिन्यात चकती ठोकायला माणसं पाठवली, त्याऐवजी स्वतः येऊन त्याच्या हातची कॉफी प्यायला हवी होती."

आर्डिथ


सॉरेल नेक
१७ एप्रिल २०२३

प्रिय आर्डिथ,

हिवाळाभर लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं काही नव्हतं. मी शेवटच्या बाकावर बसतो. लोक चांगले वागतात. आजाऱ्याशी वागतात तसे. माझ्यासाठी प्रार्थनेच्या यादीत नाव घालतात, ज्या यादीत गुडघे आणि कर्करोग असतो तिथे.

ग्रीन्सबरोला येत नाही. रागावू नकोस. मार्चमध्ये उपासनेनंतर टेम्पी पुढे गेली आणि बाप्तिस्मा हवा म्हणाली. अकरा वर्षांची आहे, स्वतःहून गेली. मला इतका आनंद झाला की काय सांगू, आणि त्याच क्षणी ती काठी आठवली. सात मे ठरलाय, दुपारी दोन वाजता. काठी रॉइसच्या हातात असणार. तो बासष्ट पावलं चालणार, कारण मी वहीत बासष्ट लिहून ठेवलंय, आणि कमी चालला तर लोक म्हणतील तोही फितूर झाला.

डॅरेलशी बोललो. तो म्हणाला, बाबा, प्लीज, हा दिवस तिचा आहे, राजकारण नको. ब्रदर कर्टिसशी बोललो. ते म्हणाले, मला माहीत आहे थर्लो, पण मंडळीने मत दिलंय. ते आता वजनदार बूट घालून उतरतात.

काल टेम्पी आली होती. तिला दाराच्या चौकटीशी उभं केलं, दर वाढदिवसाला करतो तसं. मग काठीवरच्या सगळ्यात वरच्या खाचेची उंची आठवून तिच्या अंगाशी हात आडवा धरला. तिच्या हनुवटीला लागला. ती हसली, म्हणाली, "आजोबा, आज माझा वाढदिवस नाही."

मी एक ठरवलंय. तुझ्या लेकीच्या खात्यावर माझा अजूनही फारसा विश्वास नाही, ते तिला सांग आणि कॉफीला ये म्हणावं. पण सात तारखेला दोन वाजता मी पाण्यात आधीच उतरलेला असेन, काठीच्या पलीकडे, खोल बाजूला, टेम्पीचा पाय सुटला तर तिला धरायला. मला कुणी बोलावलेलं नाही. लोक म्हणतील म्हाताऱ्याचं डोकं फिरलं, म्हणू देत. पाणी माझ्या गळ्याला लागलं तरी मी उभा राहू शकतो, गुडघे त्याहून जास्त टिकणार नाहीत.

तू पोहायला माझ्याकडूनच शिकलीस. येशील का? माझ्या शेजारी अजून एक माणूस हवं.

तुझा,
बब्बा